गाडगेबाबा कर्जाबद्दल काय सांगायचे ते पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात कोल्हापूरच्या पानावर बातमी होती, सोबत फोटो, शाळेची पोरं, शिक्षक, पदाधिकारी सगळे हातात झाडू घेऊन. त्याला मी अजिबात नावं ठेवत नाही, डिसेंबरच्या थंडीत पोरं सकाळी उठून पटांगण झाडतायत ही चांगलीच गोष्ट आहे. पण बातमीत बाबांबद्दल काय लिहिलंय बघितलं तर स्वच्छतेचा संदेश देणारे थोर संत एवढंच, त्याच्या पुढं एक ओळ नाही. 23 फेब्रुवारीला जयंती येईल तेव्हा पण हेच येईल. बरीच वर्षं बघतेय मी, गाडगेबाबा म्हणलं की झाडू एवढंच राहिलंय, आणि ज्या माणसानं आयुष्यभर गावोगाव उभं राहून घसा कोरडा करून सांगितलं की कर्ज काढू नका, कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून देवाला जाऊ नका, त्यांचं ते बोलणं मात्र कुठं छापून येत नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. जरा मोठं झालंय, जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते आणि गावातल्या बचत गटांच्या हिशोबाच्या वह्या लिहिते. आमच्या कर्जाच्या रजिस्टरला एक रकाना असतो, कर्जाचं कारण म्हणून. त्यात कोण शेळी लिहायला सांगतं, कोण खत-बियाणं, कोण दवाखाना, कोण पोराची फी. लिहिणारी मी, त्यामुळं मला नंतर कळतंच की शेळीसाठी उचललेले पैसे दावणीपर्यंत आलेच नाहीत, ते म्हाईच्या जत्रेला गेले. खतासाठी म्हणून घेतलेले भावाच्या पोरीच्या बारशाला आहेर करण्यात गेले. बाई खोटं बोलते असं मी म्हणणार नाही, तिला लाज वाटते म्हणून ती शेळी सांगते, कारण रजिस्टरमध्ये "म्हाईचं जेवण" असं लिहिलेलं सगळ्यांनी वाचलेलं तिला नको असतं. आणि गंमतीचा भाग नाही हा, त्या रकान्याकडं बघून मला रात्री झोप लागत नाही अशा वेळा आल्यात.

कोल्हापूरकरांना म्हाई सांगायला नको पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गावदेवीची जत्रा, कुठं वर्षाला, कुठं काही वर्षांनी. लेकी-जावई येतात, लेकीच्या सासरचे येतात, नवऱ्याच्या कामावरचे दोस्त येतात, पोरांचे कॉलेजचे मित्र गाड्या भरून येतात, दारात मांडव, आचारी, रात्री बारा-एक वाजेपर्यंत पंगती. आनंद असतो, मी नाही म्हणत नाही, लेक वर्षातनं एकदा पोटभर माहेरी राहते तिथं आईला काय वाटतं ते आईलाच कळतं. पण बकऱ्याचा भाव आता काय झालाय सगळ्यांना माहितीय, त्यावर मसाला, तांदूळ, गॅस, मांडववाला, लेकींना साड्या, जावयाला शर्टपीस, आणि शेजाऱ्यानं दोन बकरी पाडली की आपल्या एका बकऱ्याची लाज वाटायला लागते. बिन जमिनीच्या माणसाच्या घरात पण 40 हजार सहज जातात. 40 हजाराला गटाच्या 2 टक्क्यानं महिन्याला 800 रुपये नुसतं व्याज झालं, मुद्दल बाजूलाच. आणि गटातनं एवढी रक्कम एकीला मिळत नाही म्हणून मग मायक्रोफायनान्सचं ग्रुप लोन, एकीच्या मागं बाकीच्या सगळ्या जामीन. हप्त्याच्या दिवशी सकाळी सेंटर मीटिंगला वसुलीवाला येऊन बसतो, एकीचे पैसे कमी पडले की बाकीच्यांनी गोळा करून द्यायचे आणि मगच उठायचं. दुधाचं दहा दिवसाचं बिल आलं की हप्त्यात, उसाचं बिल यायच्या आधीच त्याच्यावर उचल झालेली. आमच्याकडं एका हप्त्यावरनं सख्ख्या शेजारणींचं बोलणं बंद झालंय, एकीच्या दारातनं जायचं नको म्हणून दुसरी पाण्याला लांबच्या नळावर जाते. हे मी ऐकून नाही, डोळ्यानं बघून लिहितेय.

आता यात गाडगेबाबा कुठनं आले म्हणाल तर बाबांचं सगळं आयुष्यच मुळात इथनं सुरू होतं, आणि तेच आपण पोरांना सांगत नाही.

1876 ला अमरावती जिल्ह्यात शेंडगावला परीट समाजात त्यांचा जन्म झाला, नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूपायी गेले, डेबूजी तेव्हा अगदी लहान. आई सखुबाईनं पोराला घेऊन माहेर गाठलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. मामाच्या घरी हा पोरगा गुरं राखायचा, शेतात राबायचा, शाळेचं तोंड बघितलं नाही. मामाकडं चांगली शेती होती पण सावकाराचं कर्ज होतं, आणि कागदावर काय लिहिलंय ते मामाला वाचता येत नव्हतं, भाच्याला पण नाही. भरलेलं कर्ज भरलं की नाही हे सावकार सांगेल ते खरं. शेवटी जमीन सावकारानं गिळली आणि त्या धक्क्यानं मामा गेले. पुढं सावकार शेताचा ताबा घ्यायला माणसं घेऊन आला तर डेबूजींनी एकट्यानं त्यांना पिटाळून लावलं असं चरित्रात सांगतात. जरा विचार करा, वडील दारूनं गेले आणि मामा कर्जानं गेले, ज्यांना हे दोन्ही मरण घरात बघायला मिळालं ते पुढं 40-50 वर्षं कीर्तनात काय सांगणार? दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला. बाबांनी हे कुठल्या पोथीतनं काढलेलं नव्हतं, भोगलेलं होतं, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला लागायचं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती बारशाची गोष्ट. 1892 ला कुंताबाईंशी लग्न झालं, पहिली मुलगी झाली अलोका. तिच्या बारशाला जातीतल्या रितीप्रमाणं मटण आणि दारू ठेवायची होती. पाहुणे त्याच आशेनं आलेले. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही पण भावकी बसलेली असताना, पहिलं बाळ, आई-बायको आत चुलीपाशी, आणि हा तरुण पोरगा उभा राहून म्हणतो की माझ्या घरात मटण-दारूची पंगत होणार नाही. तेव्हा तो कोणी संत नव्हता, मामाच्या शेतात राबणारा साधा माणूस होता, गाडगं अजून हातात आलेलं नव्हतं. जातीनं वाळीत टाकलं तर पोरीचं लग्न होणार नाही असला तो काळ. माझ्या मते गाडगेबाबा तिथं सुरू झाले, झाडू नंतर आला. मला गावात चारजणी सांगणाऱ्या भेटल्या की अहो वहिनी, पटतं सगळं पण पहिल्यांदा बंद कोणी करायचं, लोक काय म्हणतील. त्यांना मी हीच गोष्ट सांगते.

1905 ला घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडलेला कपडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर किंवा हातात मातीचं गाडगं आणि खराटा. लोक कोण चिंधेबुवा म्हणायचं, कोण गोधडेबुवा, पुढं गाडगेबाबा हेच नाव राहिलं. गावात गेले की आधी रस्ते, गटारी झाडायला लागायचे, कोणी भाकरी दिली तर ती त्या गाडग्यात घेऊन खायचे, आणि संध्याकाळी तिथंच कीर्तन. पायाला हात लावू द्यायचे नाहीत, कोणी वाकलंच तर काठी उगारायचे. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही असं उघड सांगायचे. पंढरपूरला वारीला जायचे ते चंद्रभागेचं वाळवंट झाडायला, विठ्ठलाच्या देवळात आत गेले नाहीत असं सांगतात. झाडू होताच, तो खोटा नाही. पण रस्ता झाडून झाला म्हणजे बाबांचं काम संपत नव्हतं, संध्याकाळच्या कीर्तनासाठी गाव गोळा व्हायला सकाळचं झाडणं होतं असं मला तरी वाटतं.

आणि ते कीर्तन कसं, तर प्रश्न विचारायचं. स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, बोली वऱ्हाडी, समोर हजारो लोक. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, असं करत करत लोकांच्या तोंडूनच निघायचं की आपण करतोय ते बरोबर नाही. देवाला अंघोळ कोण घालतं, नैवेद्य कोणासमोर ठेवतो आणि खातं कोण, बकरं देवाला पाहिजे का आपल्याला, असे सरळ प्रश्न. मधे मधे गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला, की सगळी सभा टाळ्या वाजवत म्हणायला लागायची. तुकोबांवर त्यांची फार श्रद्धा, तुकोबांचे अभंग तोंडपाठ. म्हणजे हा माणूस देव मानत नव्हता असं कोणी समजू नये, रात्रभर भजन करणारा माणूस होता. देवाच्या नावावर गरिबाच्या घरातली भाकरी जाते हे त्यांना बघवत नव्हतं एवढंच.

1956 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात त्यांचं कीर्तन झालं, ते शेवटचं म्हणतात, त्याचं रेकॉर्डिंग आहे आणि मोबाईलवर सहज ऐकायला मिळतं. आवाज थकलेला आहे पण जोर कमी नाही. मी ते भाकरी थापताना लावते. शिक्षणावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घेतात, त्यांच्या वडिलांना पोराला शाळेत घालायची बुद्धी झाली म्हणून केवढा माणूस तयार झाला असं सांगतात. आणि बाबा किती साध्या भाषेत सांगायचे बघा, पैसे नसले तर जेवायचं ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. आज लुगड्याच्या जागी म्हाईची साडी धरा, अर्थ तोच निघतो. शाळेत न गेलेला माणूस हे सांगत होता कारण मामाची जमीन अक्षर वाचता आलं नाही म्हणून गेली होती.

आता काही लोक म्हणतात की साधूसंतांना खर्चाचं काय कळणार, घरदार सोडून गेले ते. बाबांना पैशाचं जेवढं कळत होतं तेवढं मोठमोठ्या संस्थाचालकांना कळत नसेल. लोकांनी दिलेले पैसे गेले कुठं बघा. 1908 ला ऋणमोचनला नदीवर घाट बांधला, कारण जत्रेला येणारे लोक चिखलात घसरायचे. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा, शाळा. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर सगळीकडं धर्मशाळा. पंढरपुरात दलित वारकऱ्यांना कोणी पडवीत पण झोपू देत नव्हतं म्हणून चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि ती पुढं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःसाठी एक खोली नाही. 1952 ला गाडगे महाराज मिशन ही संस्था काढून कामाची व्यवस्था लावून दिली. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, गरीब पोरांना शिक्षण, बेघराला आसरा, आजाऱ्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जनावराला अभय, गरिबाच्या पोरापोरींचं लग्न, दुःखी माणसाला हिंमत, ही त्यांची दशसूत्री. यात देवळाला कळस चढवा असं कुठंच नाही आणि झाडूचं नाव पण नाही.

त्यातलं बेघराला आसरा आणि आजाऱ्याला औषध काय असतं ते मी दादरला बघितलं. माझ्या जावेला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला न्यायला लागलं तेव्हा आमची राहायची सोय गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत झाली. मुंबईत आमच्यासारख्यांना लॉज परवडत नाही, टाटाच्या बाहेर फुटपाथवर पेशंट घेऊन बसलेली माणसं आम्ही येता जाता बघायचो. धर्मशाळेत बंगालची, बिहारची, विदर्भातली, आपल्याकडची सगळी माणसं एका मजल्यावर, भाषा कळत नाही पण कोणाची केमो कधी आहे ते सगळ्यांना पाठ. बिहारची एक बाई माझ्या जावेचे केस गळायला लागले तेव्हा तिच्या शेजारी बसून स्वतःच्या डोक्यावरचा पदर बाजूला करून दाखवायची, परत येतात म्हणून. तिथली जमीन पुसलेली, बाथरूम स्वच्छ, आणि भिंतीवर बाबांचा फोटो. तोपर्यंत मला पण गाडगेबाबा म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेले माहिती. तिथं बसून मला वाटलं, लोकांनी एका भिकाऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर दिलेले पैसे इतक्या वर्षांनी माझ्या घरच्या माणसाच्या डोक्यावर छप्पर होऊन उभे आहेत. तेच पैसे त्या लोकांनी त्या काळात जत्रेत बकऱ्यावर घातले असते तर संध्याकाळपर्यंत संपले असते.

कोल्हापुरात तर हे बोलणं परकं वाटायचं कारणच नाही. शाहू महाराज बाबांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, 1874 चे. बाबा विदर्भात गावं झाडत आणि शिक्षणाचं सांगत फिरत होते त्याच काळात 1917 ला महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याआधीपासून वेगवेगळ्या समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. एक राजवाड्यातला आणि एक रस्त्यावरचा, पण दोघांचं बोट एकाच जागी. आणि आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील, त्यांच्याशी तर बाबांचं जिवाभावाचं नातं. कराडला कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज निघालं 1954 ला, त्याला सद्गुरू गाडगे महाराज नाव दिलंय ते उगाच नाही. आमच्या भागातली कितीतरी पोरं त्या कॉलेजात शिकून नोकरीला लागली. शाहू, कर्मवीर आणि गाडगेबाबा ही तीन नावं आपण भाषणात एका दमात घेतो, मग पुण्यतिथीच्या बातमीत तिसऱ्याच्या वाट्याला नुसता झाडू का यावा?

स्वच्छतेचं नाव बाबांना चिकटलं त्यात सरकारचा पण हात आहे, वाईट अर्थानं नाही. 2000 च्या सुमाराला तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. आबा पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं आणि गावं खरंच बदलली. आमच्या गावात त्या वेळी बायकांनी गटारी उपसल्या, घराच्या भिंती रंगवल्या, उकिरडे हलवले, आजही म्हाताऱ्या बायका त्या दिवसांबद्दल अभिमानानं बोलतात. म्हणजे बाबांचं नाव घेतलं की लोक कामाला लागतात हे सिद्ध झालेलं आहे. म्हणूनच माझा आग्रह आहे की त्याच नावानं कर्जाचा उकिरडा पण हलवायला घ्यावा. रस्त्यावरचा कचरा डोळ्याला दिसतो म्हणून त्याचा फोटो निघतो, रजिस्टरच्या रकान्यातली शेळी कोणाला दिसत नाही.

बकरं कापण्याबद्दल बाबांचं म्हणणं तर एकदम स्पष्ट होतं, देवाच्या नावानं मुकं जनावर मारायचं नाही. जत्रा-जत्रांत जाऊन त्यांनी हे सांगितलं आणि काही ठिकाणी बळी बंद पण पडले. मला ते पटतं. आमच्या घरात रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा होतो, मी खाते, लपवत नाही, पण खायचं आपण आणि नाव देवीचं लावायचं हे मला बरोबर वाटत नाही. तरी पण या पत्रात माझं भांडण बकऱ्याशी नाही. कोणाकडं असतील पैसे तर त्यानं करावं, त्याचं त्याच्यापाशी. ज्याच्याकडं नाहीत त्याच्यावर सगळ्या गावानं मिळून जी सक्ती होते त्याबद्दल मी बोलतेय. ही सक्ती कोणी नोटीस काढून करत नाही. "काय वहिनी, यंदा तुमच्याकडं किती पानं?" एवढं विचारलं की झालं. आणि शेवटी पंगतीचा मान नवऱ्याचा आणि हप्ता बायकोच्या नावावर, कारण ग्रुप लोन बाईलाच मिळतं. पुरुष मंडळींनी राग मानू नये पण आमच्या रजिस्टरमध्ये अंगठे आणि सह्या बायकांच्या आहेत.

आणि एक. म्हाई झाली, आता वाढदिवस, वास्तुशांती, डोहाळजेवण, गणपतीत डॉल्बीची वर्गणी, सगळ्याला हेच लागू होतंय. परवा एका घरात पोराच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल, स्टेज, फुगे, केक तीन मजली, आणि त्याच घरातल्या मोठ्या मुलीचं बारावीनंतर पुढचं अ‍ॅडमिशन फी नाही म्हणून थांबलंय. पोरगी हुशार आहे. तिच्या आईनं माझ्याजवळ बसून हे सांगितलं आणि डोळे पुसले आणि म्हणाली काय करणार, सासरची माणसं ऐकत नाहीत. मी तिचं नाव लिहीत नाही, लिहिणार पण नाही, पण असं एकच घर आहे असं कोणी समजू नये.

नांदवाळला आषाढीला दिंडी जाते, कोल्हापुरातनं हजारो लोक चालत जातात, मी पण जाते. जोतिबाच्या चैत्र यात्रेला केवढी सेवा होते, पाणी वाटणारे, ताक वाटणारे, अन्नछत्रात रात्रंदिवस वाढणारे, यात्रा संपली की डोंगर झाडून काढणारे. या लोकांकडं बघितलं की मला खात्री वाटते की बाबांचं काम करायची ताकद आपल्या जिल्ह्यात आहे. फक्त त्यांना कोणी सांगितलं पाहिजे की बाबांचं अर्धं काम अजून शिल्लक आहे.

तुम्हाला माझ्या तीन विनंत्या आहेत साहेब. जयंतीला झाडूचा फोटो छापा पण त्याच्या शेजारी बाबांची बारशाची गोष्ट छापा, मामाच्या शेताची गोष्ट छापा, दशसूत्री चौकटीत छापा म्हणजे शाळेत फळ्यावर लिहायला होईल. दुसरं म्हणजे जिल्ह्यात ज्या गावांनी जत्रेचा, लग्नाचा खर्च कमी करायचा ठराव केला असेल त्यांच्याकडं तुमचा वार्ताहर पाठवा, त्यांनी काय केलं, कोणी विरोध केला, कसं निभावलं ते सविस्तर येऊ दे, कारण दुसऱ्या गावानं केलंय म्हणलं की आपलं गाव विचार तरी करतं. आणि तिसरं, हप्त्यापायी बाईनं काही बरंवाईट केलं की मगच बातमी होते, तसं न करता आधीच या कर्जाबद्दल लिहा, व्याज किती, जामीन म्हणजे काय, वसुलीला आलेल्या माणसाला काय करता येतं आणि काय करता येत नाही, सगळं सोप्या भाषेत. आमच्या बायका पेपर वाचतात, दुपारी मोकळ्या झाल्या की एकीनं वाचायचा आणि चौघींनी ऐकायचा असं चालतं आमच्याकडं.

आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. येत्या म्हाईच्या आधीच्या महिन्याच्या मीटिंगला हिशोब झाला की वांद्र्याच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग स्पीकरला जोडून सगळ्यांना ऐकवायचं, आणि मग यंदा कोण काय करणार ते तिथंच बोलायचं. काहीजणींनी आत्तापासून सांगितलंय की आम्ही वरण-भात, पोळी आणि खीर करणार, लेकींना बोलवणार, पण उचल करणार नाही. रजिस्टरच्या कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहायचं हे पण ठरलंय, म्हाई तर म्हाई. पुरुषांना पण बोलवणार आहोत, येतील की नाही माहिती नाही. तुमचा वार्ताहर आला तर बसायला जागा आणि चहा आमच्याकडनं, तारीख ठरली की ऑफिसच्या पत्त्यावर कळवते.

आपली नम्र,
एक वाचक आणि बचत गटाची हिशोबनीस,
करवीर तालुका, जि. कोल्हापूर